विवरणपत्रांच्या हंगामात करसल्लागाराने काम कसे लावून घ्यावे

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, एखाद-दुसऱ्या साहाय्यकाच्या बळावर दोन-तीनशे अशिलांची आयकर विवरणपत्रे भरणाऱ्या करसल्लागारांसाठी हा मजकूर आहे. या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, हंगामात आपल्याला ज्या अडचणी येतात त्यांतील फार थोड्या कायद्याच्या असतात. कायदा पुस्तकात सापडतो. अशिलाने न सांगितलेली ठेव, न दाखवलेला दुसरा फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारे कंपनीचे प्रमाणपत्र) आणि बंद पडलेला मोबाइल क्रमांक कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. त्यामुळे कोणते प्रश्न कधी विचारायचे आणि मिळालेली उत्तरे कुठे लिहून ठेवायची, याची घडी जूनमध्येच बसवावी लागते.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करावी. पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक यांच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै ही असते. त्याच ३१ जुलैला पहिल्या तिमाहीचे टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) विवरणपत्रही भरायचे असते, ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे, हे तर दर महिन्याचेच. म्हणजे जुलैचे ३१ दिवस हाताशी आहेत असे वाटले तरी आयकरासाठी निवांत मिळणारे दिवस १४-१५ च्या पुढे जात नाहीत. लेखापरीक्षण लागणारी आणि व्यवसायाची विवरणपत्रे यांच्या मुदती वेगळ्या असतात. त्या त्या वर्षी पोर्टलवर पाहूनच लिहाव्यात, मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

त्याच कॅलेंडरवर गावाचेही वेळापत्रक मांडावे. जूनमध्ये पेरणीच्या घाईत असलेला शेतकरी अशील कागद घेऊन येणार नाही. या वर्षी, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. वारीला जाणारे अशील पंढरपुराहून परतून घरी टेकेपर्यंत मुदतीचे चार-पाच दिवसच उरलेले असतील. अशा अशिलांची यादी वेगळी काढून त्यांचे काम पालख्या निघण्याआधी संपवावे. २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, तेव्हा ती गणेशोत्सवाच्या पाठोपाठ येऊन ठेपली आणि गणपतीसाठी कोकणात गेलेली मंडळी परत येईपर्यंत अनेक कार्यालयांत कागदांची वाट पाहण्यापलीकडे काही करता आले नाही. शिवाय १५ सप्टेंबर हीच आगाऊ कराच्या दुसऱ्या हप्त्याचीही तारीख होती, हे वेगळेच.

फार लवकर सुरुवात करण्यातही शहाणपण नाही. चौथ्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ मे आणि कंपन्यांनी फॉर्म १६ देण्याची मुदत १५ जून असते. त्याआधी उघडलेले फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचे पत्रक) आणि वार्षिक माहितीपत्रक, ज्याला आपण सगळे एआयएस म्हणतो, ते अर्धवट भरलेले असते. मेच्या अखेरीस उत्साहाने विवरणपत्र भरणाऱ्या अशिलाच्या एआयएसमध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेच्या व्याजाची नवी नोंद येते आणि मग सुधारित विवरणपत्राचे काम आपल्याच अंगावर पडते, तेही बहुधा फुकट. म्हणून एप्रिल-मेमध्ये प्रश्न विचारून कागद गोळा करावेत आणि प्रत्यक्ष भरण्याचे काम १५ जूननंतर हाती घ्यावे.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

“सगळे कागद घेऊन या” असे सांगितले की अशील एका पिशवीतून विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे घेऊन येतो आणि हवा तो कागद घरी राहतो. त्याऐवजी एका पानावर छापील प्रश्न द्यावेत. वर्षभरात नोकरी बदलली का? कोणकोणत्या बँकांत खाती आहेत? पतसंस्थेत ठेव आहे का? जमीन, फ्लॅट किंवा सोने विकले का? शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले का? शेतीचे उत्पन्न किती? परदेशात खाते किंवा कंपनीचे शेअर आहेत का? घरभाडे देता किंवा घेता का? प्रत्येक प्रश्नापुढे “होय” किंवा “नाही” लिहून खाली अशिलाची सही घ्यावी. या सहीचा उपयोग पुढे ऑक्टोबरमध्ये कळतो. एखादी नोटीस आली आणि “तुम्हीच भरलं होतं ना साहेब” असे वाक्य ऐकू आले की हे पान शांतपणे समोर ठेवता येते.

यातला पतसंस्थेचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पतसंस्थेने सभासदाला दिलेल्या व्याजावर बरेचदा टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे ते व्याज २६एएसमध्ये येत नाही आणि एआयएसमध्येही पुष्कळदा दिसत नाही. कर मात्र त्यावर लागतोच. माझ्याकडे येणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दरवर्षी निवृत्तिवेतनाची पावती आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे व्याज प्रमाणपत्र अगदी टाचणी लावून, नीट घडी करून आणत असत. एका वर्षी सहज विचारले, “गुरुजी, पतसंस्थेत काही ठेवलंय का?” त्यांनी खिशातून छोटे पासबुक काढले. आठ लाखांची ठेव होती. “यावर कर कापत नाहीत, म्हणून मला वाटलं लागत नसेल,” असे ते म्हणाले. लपवण्याचा हेतू नव्हता. त्यांना तोपर्यंत कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता, आणि न विचारणाऱ्यांत मीही होतो.

निवृत्त शिक्षक आणि जिल्हा परिषद कर्मचारी यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे वेतन आयोगाच्या फरकाची थकबाकी. मागील वर्षांची थकबाकी एका वर्षात हाती पडली तर कलम ८९ खाली सवलत मिळू शकते, पण त्यासाठी फॉर्म १०ई हा विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन दाखल झालेला असावा लागतो. विवरणपत्रात सवलतीचा आकडा भरला आणि १०ई राहिला, तर प्रक्रिया होताना सवलत नाकारली जाते आणि कराची मागणी येते. हा क्रम चुकण्याचे प्रमाण पाहता, अशा फाइलीवर लाल शाईने “आधी १०ई” असे लिहून ठेवण्याची पद्धत मला उपयोगी पडली आहे.

एआयएस वाचण्याची रीत

एआयएस २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाल्यापासून आपल्या कामाचे स्वरूपच बदलले. पूर्वी अशील सांगेल ते उत्पन्न असे. आता विभागाला आधीच काय माहीत आहे ते आपल्याला समोर दिसते. एआयएसची पीडीएफ उघडण्याचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. साहाय्यकाला हे एकदा लिहून दिले की दिवसातून वीस वेळा होणारी विचारणा थांबते. पॅनवरची जन्मतारीख आणि अशील सांगतो ती जन्मतारीख एकच असेल असे मात्र गृहीत धरू नये. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख अजूनही पुष्कळांच्या पॅनवर आहे.

एआयएस उतरवून घेतल्यावर त्यावर उतरवल्याची तारीख घालून प्रत फाइलीत ठेवावी. ते पत्रक नंतरही बदलत राहते आणि विवरणपत्र भरताना आपल्यासमोर नेमके काय होते हे दाखवायला दुसरा पुरावा उरत नाही. त्यानंतर एकेक नोंद अशिलाच्या कागदांशी ताडून पाहावी. एआयएसमधला आकडा जसाच्या तसा उचलून विवरणपत्रात टाकणे ही चूक आहे, आणि तो आकडा दुर्लक्षित करणे ही त्याहून मोठी चूक आहे. संयुक्त ठेवीचे सगळे व्याज बहुधा पहिल्या नावावर दिसते. दोघा भावांनी मिळून विकलेल्या जागेची पूर्ण किंमत दोघांच्याही पत्रकांत येऊ शकते. म्युच्युअल फंडाच्या विक्रीची नोंद दोनदा आलेली असते. शेअरच्या विक्रीची रक्कम दिसते, पण खरेदीची किंमत चुकीची असते, विशेषतः शेअर वडिलांकडून वारशाने आलेले असतील तेव्हा.

अशा प्रत्येक नोंदीवर पोर्टलवरच अभिप्राय नोंदवता येतो. माहिती बरोबर आहे, ती दुसऱ्या व्यक्तीची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, नोंद दुबार आहे, असे पर्याय तेथे आहेत. अभिप्राय आपल्या मनाने देऊ नये. अशिलाला समोर बसवून किंवा फोनवर विचारून, त्याचे उत्तर फाइलीत टिपून मगच द्यावा. “ही ठेव माझी नाहीच” असे ठासून सांगणाऱ्या अशिलाला चार दिवसांनी आठवते की, मुलीच्या लग्नासाठी म्हणून बायकोच्या नावे ठेव केली होती आणि पॅन मात्र स्वतःचा दिला होता.

व्यापारी अशिलांच्या एआयएसमध्ये जीएसटीची उलाढालही दिसते. कलम ४४एडी खाली अंदाजित नफ्यावर विवरणपत्र भरताना रोख जमेवर ८ टक्के आणि बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या जमेवर ६ टक्के हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पण उलाढालीचा आकडा जीएसटीच्या विवरणपत्रांशी जुळतो का, हे पाहण्याचे राहून जाते. दुकानाचे जीएसटीचे काम दुसऱ्याकडे असेल तर त्याच्याकडून वर्षाचा एकत्रित आकडा लेखी मागवावा. तोंडी आकड्यांवर काम करू नये.

दोन नोकऱ्या, दोन फॉर्म १६

तरुण पगारदार अशिलांच्या बाबतीत सर्वांत कटू प्रसंग नोकरी बदलल्यामुळे येतो. उदाहरण आकड्यांनीच पाहू. एक मुलगा एप्रिल ते जुलै २०२५ अशी चार महिने दरमहा १ लाख रुपयांवर एका कंपनीत होता. तेथून ४ लाख मिळाले. वर्षाचा अंदाज १२ लाखांचा, त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट केली की ११ लाख २५ हजार, म्हणजे नव्या करपद्धतीतील १२ लाखांच्या करमुक्त मर्यादेत, म्हणून टीडीएस शून्य. ऑगस्टपासून मार्चपर्यंत आठ महिने दुसऱ्या कंपनीत दरमहा दीड लाख, म्हणजे १२ लाख. तेथेही वजावटीनंतर ११ लाख २५ हजार आणि टीडीएस शून्य. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या परीने बरोबरच केले.

विवरणपत्रात मात्र १६ लाख एकत्र येतात आणि ७५,००० रुपयांची वजावट एकदाच मिळते. करपात्र उत्पन्न १५ लाख २५ हजार. त्यावर ४ ते ८ लाखांच्या टप्प्याचे २०,०००, ८ ते १२ लाखांच्या टप्प्याचे ४०,००० आणि उरलेल्या ३ लाख २५ हजारांवर १५ टक्क्यांनी ४८,७५०, असे १,०८,७५० रुपये होतात. ४ टक्के उपकर धरून १,१३,१०० रुपये. आगाऊ कर भरलेला नसल्याने त्यावर व्याज वेगळे. दोन्ही फॉर्म १६ वर कर शून्य पाहून आलेला मुलगा हा आकडा ऐकून प्रथम आपल्यावरच संशय घेतो, हे समजून घ्यावे आणि रागावू नये. वरचा हिशेब एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावा, नवी कंपनी धरताना आधीच्या पगाराचा तपशील तिला लेखी द्यायचा असतो हे पुढच्या वेळेसाठी सांगावे आणि पैशांची तजवीज करायला त्याला वेळ मिळेल अशा बेताने, म्हणजे जूनमध्येच, हा आकडा त्याच्या कानावर घालावा. ३० जुलैला असा आकडा सांगण्याची वेळ येणे हा दोष आपला असतो.

“१२ लाखांपर्यंत कर नाही” हे वाक्य घरोघरी पोचल्यामुळे आणखी एक गैरसमज वाढला आहे. ११ लाखांचे करपात्र वेतन आणि ३०,००० रुपयांचा शेअरवरील अल्पकालीन नफा असेल, तर वेतनावरचा कर सवलतीने शून्य होतो, परंतु शेअरच्या नफ्यावरील २० टक्के दराचा कर नव्या पद्धतीत सवलतीत बसत नाही. उपकरासह ६,२४० रुपये भरावेच लागतात. या मुद्द्यावर यापूर्वी मोठा गोंधळ झालेला आहे. ५ जुलै २०२४ रोजी पोर्टलवरील प्रणाली बदलली आणि त्यानंतर विशेष दराच्या उत्पन्नावर सवलत मिळणे बंद झाले; प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्या वर्षीची सुधारित व विलंबित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवावी लागली. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून कायद्यातच स्पष्टता आल्यामुळे आता वाद घालण्यात अर्थ नाही, अशिलाला आधी सांगणे एवढेच आपल्या हाती आहे.

ऊस, दुकान आणि चुकीचा फॉर्म

ग्रामीण भागात चुकीचा फॉर्म निवडला जाण्याचे सर्वांत मोठे कारण शेती हे आहे. किराणा दुकान चालवणारा, सोबत ऊस लावणारा अशील घ्या. दुकानाचा नफा अंदाजित पद्धतीने दाखवायचा म्हणून हात आपोआप आयटीआर-४ कडे, म्हणजे सुगमकडे जातो. परंतु शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल तर सुगम चालत नाही. त्याला आयटीआर-३ भरावा लागतो. तीच गोष्ट पगारदाराची: शेतीचे उत्पन्न ५,००० च्या वर गेले की ‘सहज’ हा साधा फॉर्म, म्हणजे आयटीआर-१, सुटतो आणि आयटीआर-२ येतो. “शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, दाखवायचं कशाला?” हा प्रश्न दरवर्षी येतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाते, आणि कारखान्याकडून बँकेत आलेल्या उसाच्या बिलाचा खुलासाही त्यामुळेच देता येतो, हे अशिलाला समजेल अशा शब्दांत सांगावे.

निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांहून अधिक असेल तेव्हा जमिनीचा तपशील द्यावा लागतो: जिल्हा व पिनकोड, क्षेत्र, जमीन मालकीची की कराराने घेतलेली, बागायत की जिरायत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि विवरणपत्रात ते एकरांत मागितलेले असते. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. त्यामुळे सातबाऱ्यावरचे १ हेक्टर २० आर विवरणपत्रात सुमारे २.९७ एकर असे जाईल, १.२० असे नव्हे. ही चूक मी साहाय्यकाच्या हातून झालेली पाहिली आहे आणि एकदा स्वतःच्याही. सातबारा उताऱ्यावर नावे चार भावांची असतील तर प्रत्येकाचा हिस्सा किती, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

जुनी पद्धत की नवी

या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. प्रत्येक अशिलासाठी जुनी (वजावटी अधिक) आणि नवी (दर कमी) अशा दोन्ही करपद्धतींचा हिशेब काढून त्याला दाखवावा आणि निवड त्याची आहे हे त्याच्या सहीनिशी नोंदवावे. जुनी पद्धत हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच गेले पाहिजे, कारण विलंबित विवरणपत्रात तो पर्याय राहत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला त्यासाठी फॉर्म १०-आयईएसुद्धा मुदतीत भरावा लागतो आणि एकदा नव्या पद्धतीत परत आल्यावर पुन्हा जुनीकडे वळण्याची मुभा त्याला सहसा उरत नाही. म्हणून अशा अशिलाचा निर्णय केवळ या वर्षीच्या आकड्यावर होऊ देऊ नये. गृहकर्ज, विमा आणि मुलांची फी यांचे कागद हातात नसताना “टाका तुम्ही दीड लाख” असे म्हणणाऱ्या अशिलाला, हल्ली विवरणपत्रात वजावटीसोबत पॉलिसीचा किंवा कर्जखात्याचा तपशीलही मागतात, हे सांगितले की पुढचे संभाषण बरेच सोपे होते.

रिफंडचा हट्ट

हंगामातला सर्वांत अवघड प्रश्न मात्र हाच आहे. एखाद्या कारखान्यातले किंवा कार्यालयातले कर्मचारी एकमेकांशी बोलतात, कोणाला ४० हजारांचा रिफंड आलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी आपला जुना अशील येऊन विचारतो, “त्याला आले, मग आपल्याला का नाही?” चौकशी केली तर त्या दुसऱ्याच्या विवरणपत्रात कधी न दिलेली राजकीय देणगी, आईच्या नावे न भरलेले घरभाडे किंवा नसलेल्या अपंगत्वाची वजावट असते, आणि भरून देणाऱ्याने रिफंडवर टक्केवारी घेतलेली असते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात सुमारे १५० ठिकाणी अशाच खोट्या वजावटींच्या संदर्भात पडताळणीची कारवाई केली, आणि तिचा रोख केवळ करदात्यांवर नव्हता, अशी विवरणपत्रे भरून देणाऱ्यांवरही होता.

अशा वेळी उपदेश करून उपयोग होत नाही. मी तीन गोष्टी करतो. पहिली, उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे ठरल्यास दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, हे त्याच्याच आकड्यावर करून दाखवतो: ४० हजारांचा कर परत भरायचा, त्यावर व्याज, आणि वर ८० हजार दंड. दुसरी, ज्या वजावटीचा कागद आहे ती एकही सोडलेली नाही हे त्याच्यासमोर पुन्हा तपासतो; बचत खात्याच्या व्याजाची १० हजारांची किंवा ज्येष्ठांची ५० हजारांची वजावट जुन्या पद्धतीत खरोखर राहून गेलेली असू शकते, आणि ती सापडली की त्याचा विश्वास परत येतो. तिसरी, एवढे करूनही त्याचा आग्रह कायम असेल तर फाइल परत देतो. असे दोन-चार अशील दरवर्षी जातात. त्यांतले काही नोटीस घेऊन परतही येतात आणि तेव्हा त्यांचे काम नव्या कामासारखे, नव्या फीने करावे. फी रिफंडच्या प्रमाणात कधीही ठरवू नये. विवरणपत्राच्या प्रकारानुसार ती जूनमध्येच सांगून टाकावी.

ओटीपी, पासवर्ड आणि नावातली अक्षरे

आकडे जुळले तरी विवरणपत्राच्या पडताळणीचे काम ओटीपीपाशी अडते. आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा असतो आणि मुलगा पुण्यात रात्रपाळीला असतो; आलेला ओटीपी पंधरा मिनिटांत वापरावा लागतो. म्हणून पहिल्या भेटीतच आधारला कोणता क्रमांक जोडलेला आहे ते विचारावे आणि तो चालू नसेल तर लगेच आधार केंद्रावर पाठवावे. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या अशिलांचे भारतातले सिम बहुधा बंद असते. त्यांच्यासाठी नेटबँकिंगमधून पडताळणी हा मार्ग सोयीचा, नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही (पडताळणीचा कागद) टपालाने बेंगळुरूच्या केंद्राकडे पाठवावा लागतो. दोन्हींपैकी काहीही केले तरी ते विवरणपत्र दाखल केल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवे, अन्यथा विवरणपत्र भरल्याचा उपयोग राहत नाही.

सोय म्हणून सगळ्या अशिलांच्या खात्यांत स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घालण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. ती मोडावी. विभागाची नोटीस मग अशिलाकडे जातच नाही, आपल्याकडे येणाऱ्या शेकडो मेलमध्ये हरवते, आणि उत्तर देण्याची मुदत उलटून गेल्यावर जबाबदारी आपल्यावर येते. मुख्य संपर्क अशिलाचा आणि दुय्यम संपर्क आपला, असे ठेवावे. पासवर्ड वहीत लिहून ती वही टेबलावर उघडी टाकू नये, आणि व्हॉट्सॲपवर आलेला पासवर्ड, पॅन, आधारचा फोटो काम होताच पुसावा.

रिफंड अडकण्याचे एक साधे कारण म्हणजे नाव. पॅनवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे. पॅनवर वडिलांचे नाव मध्ये, बँकेत नुसते आद्याक्षर. बँक खात्याची पूर्वपडताळणी नावाच्या फरकामुळे फेटाळली गेली की रिफंड मंजूर होऊनही खात्यात पोचत नाही. ही पूर्वपडताळणी विवरणपत्र भरण्याच्या आधी, निदान आठवडाभर आधी करून घ्यावी. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १,००० रुपये शुल्क भरून तो चालू होईपर्यंत रिफंड मिळणार नाही, हेही आधीच सांगावे.

कर भरताना वर्षाची निवड

या वर्षी एक नवी अडचण आहे. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, आणि त्यात कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) ही संज्ञा जाऊन कर वर्ष (उत्पन्नाचेच वर्ष) आले. पण आपण या हंगामात जी विवरणपत्रे भरत आहोत ती २०२५-२६ या आर्थिक वर्षाची, म्हणजे १९६१ च्या जुन्याच कायद्याप्रमाणे, कर निर्धारण वर्ष २०२६-२७ ची आहेत. याच महिन्यांत भरला जाणारा आगाऊ कर मात्र नव्या कायद्यातल्या कर वर्ष २०२६-२७ चा आहे. आकडे तेच, वर्षे दोन. स्वयंनिर्धारण कर (विवरणपत्राआधी भरायचा उरलेला कर) भरताना घाईत चुकीचा पर्याय निवडला तर पैसे सरकारकडे जमा होऊनही अशिलाच्या विवरणपत्रात दिसणार नाहीत आणि कराची मागणी येईल. म्हणून चलन तयार झाल्यावर, पैसे भरण्याआधी, त्यावरचे वर्ष आणि कराचा प्रकार दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावा. हसण्यासारखे वाटते, पण उपयोग होतो.

शेवटचा आठवडा

“मुदत वाढेल हो” असे म्हणणारा अशील दरवर्षी भेटतो, आणि २०२५ च्या अनुभवाने त्याला बळच मिळाले आहे. तेव्हा ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या रात्री आणखी एका दिवसाने वाढून १६ सप्टेंबर झाली. तरी मुदतवाढ धरून कामाची आखणी करू नये. आपल्या कार्यालयाची मुदत २३ जुलै आहे असे जूनमध्येच सगळ्यांना संदेशाने कळवावे आणि त्यानंतर येणाऱ्या कागदांना जादा फी लावावी. शेवटच्या दिवसांत पोर्टल मंदावते. अशा वेळी सकाळी लवकर काम करावे, आणि ओटीपी लागणाऱ्या पायऱ्या अशील जागा असेल त्या वेळेसाठी राखून ठेवाव्यात. अडचण आली तर पडद्यावर दिसणारा संदेश वेळेसह साठवून ठेवावा.

राहिलेल्या फाइलींचा क्रम लावताना आधी आलेल्याचे आधी, हा न्याय या आठवड्यापुरता बाजूला ठेवावा. ज्यांना शेअर किंवा व्यवसायातला तोटा पुढे ओढायचा आहे, ज्यांना जुनी पद्धत हवी आहे आणि ज्यांचा कर भरायचा बाकी आहे, त्यांच्या फाइली प्रथम घ्याव्यात, कारण मुदत हुकल्यास त्यांचेच नुकसान सर्वांत मोठे असते. विलंब शुल्क ५,००० रुपये, आणि एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये. बाकी कराच्या रकमेवर दरमहा १ टक्का व्याज. तोटा पुढे नेण्याचा हक्क मात्र पैसे भरूनही परत मिळत नाही.

कितीही घाई असली तरी हिशेबाचा तक्ता अशिलाला पाठवून त्याचे “पाहिले, मान्य आहे” असे लेखी उत्तर आल्याशिवाय विवरणपत्र दाखल करू नये. रात्री अकराला आलेला एका ओळीचा संदेशही चालतो.

दाखल झाल्यानंतर

नोंदवहीत प्रत्येक अशिलापुढे चार रकाने असावेत: दाखल केल्याची तारीख, पडताळणीची तारीख, कलम १४३(१) ची (विवरणपत्राची प्रक्रिया झाल्याची) सूचना आल्याची तारीख, आणि रिफंड जमा झाल्याची तारीख. विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस आणि प्रस्तावित फेरबदलाची सूचना आली तर ३० दिवस असतात. ऑगस्टमध्ये दर सोमवारी साहाय्यकाने ही वही घेऊन बसावे, पोर्टलवर प्रत्येकाची स्थिती पाहावी आणि पडताळणीचा रकाना मोकळा असलेल्यांना त्याच दिवशी फोन लावावा. मागच्या ऑगस्टअखेर माझ्या वहीत असे सात रकाने मोकळे निघाले होते. त्यांतल्या पाच जणांनी आपण ओटीपी दिल्याचे ठामपणे सांगितले, आणि त्यांनी तो खरेच दिला होता. आम्हीच पंधरा मिनिटे उलटून गेल्यावर टाकला होता.